वारशाने आलेला व्हॉल्व्हचा हॅम सेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. माळा उतरवला, आजोबांचा हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या हॅम लोकांचा सेट) निघाला, दोघांनीही उचलत नाही, आता काय करायचं? तेच तेच सांगून झाल्यावर उत्तरं लिहून ठेवली. माझ्याकडे मामांकडून आलेल्या दोन वस्तू आहेत: आरसीए कंपनीचा एआर८८डी रिसीव्हर आणि मामांनी स्वतः बांधलेला ८०७ व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर. उदाहरणं मुख्यतः या दोघांचीच आहेत. तुमचा सेट वेगळा असला तरी दुखणी बहुतेक सारखीच निघतात.

सेट आत्ताच खाली काढला. एकदा प्लग लावून बघू का?

नाही. "एकदा बघू" म्हणूनच मी मामांच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर जाळला. आधी अर्धा मिनिट छान गुणगुण आली, मग डांबराचा वास, मग चॅसीखालून (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याखालून) काळा ओघळ. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या सेटमधले कागदी कंडेन्सर ओल पिऊन बसलेले असतात. त्यांच्यातून करंट गळतो, त्याचा भार रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हवर आणि त्याच्यामागच्या ट्रान्सफॉर्मरवर पडतो. कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. ट्रान्सफॉर्मर मात्र रिवाइंडिंगवाल्याकडे द्यावा लागतो, आणि तीन-चार वेगवेगळ्या व्होल्टेजची वाइंडिंग बघून बरेच जण हात जोडतात. मला त्यासाठी सात महिने थांबावं लागलं.

माझ्याकडे नेमकं काय आहे, हे कसं ओळखायचं?

आधी मागची किंवा समोरची धातूची पट्टी वाचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याचं सामान लिलावात निघालं. आपल्याकडे त्याला "डिस्पोजल" म्हणत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजारात ते उतरलं आणि हॅम लोकांनी पोटाला चिमटा काढून घेतलं. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या सेटांत युद्धकाळातला माल बराच सापडतो.

एआर८८ लगेच ओळखू येतो: काळसर-करडा चेहरा, चौदा व्हॉल्व्ह, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. एआर८८डी मध्यम लहरींपासून ३२ मेगाहर्ट्झपर्यंत सहा बँडांत ऐकतो. "एलएफ" लिहिलेला भाऊबंद खालच्या लहरींसाठीचा. त्याची आयएफ (सेटच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) ७३५ किलोहर्ट्झ आहे, तर डीची ४५५, म्हणून एकाचं सर्किट बघून दुसरा दुरुस्त करू नका. बीसी-३४८ हा अमेरिकी विमानातला रिसीव्हर. तो मुळात २८ व्होल्ट डीसीवर चालायचा आणि आत डायनामोटर (बॅटरीवर फिरून जास्त व्होल्टेज देणारं यंत्र) असायचा. बहुतेक हॅमनी डायनामोटर काढून तिथे घरगुती पॉवर सप्लाय बसवला आहे, आणि तो कोणी कसा बसवला हे ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून. त्याची प्रत्येक वायर संशयाने बघा.

पट्टीच नसेल, अॅल्युमिनियमची चॅसी हाताने कापलेली असेल आणि भोकं किंचित वाकडी असतील, तर तो घरी बांधलेला सेट आहे. मला असे सेट जास्त आवडतात. त्यांचं सर्किट बाजारात मिळत नाही. ते आजोबांच्या वहीत असतं किंवा तुम्हाला वायरी बघत कागदावर उतरवावं लागतं. म्हणून सेटबरोबर मिळालेला एकही कागद, पुठ्ठ्याची खोकी, सिगारेटच्या पाकिटावरचं आकडेमोडीचं चित्र टाकू नका. माझ्या ट्रान्समीटरचं पाय-नेटवर्क (ट्रान्समीटर एरियलशी जुळवणारं सर्किट) लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेलं होतं.

याएसू एफटी-१०१सारखे सेट अर्धे ट्रान्झिस्टरचे आणि शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्हचे. त्यांची गोष्ट वेगळी, ती इथे नाही.

घरात ठेवायला परवाना लागतो का? आजोबांचा कॉलसाइन मला मिळेल का?

नुसत्या ऐकण्याच्या सेटसाठी पोस्टात जाऊन लायसन्सच्या पुस्तकात तिकिटं चिकटवण्याची पद्धत १९८०च्या दशकातच गेली. रिसीव्हर बिनधास्त ऐका.

ट्रान्समीटरची बाब वेगळी. कायद्याने तो नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय तो हवेत सोडायचा नाही, "दोन मिनिटं टेस्ट" म्हणूनही नाही. हॅम परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगकडून मिळतो. त्याआधी परीक्षा असते, वयाची अट किमान बारा वर्षं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत आणि जनरलसाठी मोर्सही यावं लागतं. कॉलसाइन माणसाला मिळतो, घराण्याला नाही. आजोबांचा कॉलसाइन सातबाऱ्यासारखा नावावर चढत नाही. गेलेल्या हॅमला हे लोक "सायलेंट की" म्हणतात, म्हणजे जिची टकटक थांबली ती मोर्स की. असं कोणी म्हणालं तर गोंधळू नका.

सरकार ट्रान्समीटरबाबत एवढं कडक का, असं पोरं विचारतात. १९३९मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातले हॅम परवाने रद्द झाले होते. १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. आकडेमोड केली तर ते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होतं, म्हणजे आजच्या ४० मीटर हॅम बँडमध्येच. उषाताईंना त्यासाठी चार वर्षांची शिक्षा झाली. आज सकाळी तुम्ही त्याच पट्ट्यात नागपूर आणि बेळगावच्या गप्पा ऐकू शकता.

साफ कसा करायचा?

सुक्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने. झुरळांची अंडी, कोळिष्टकं, उंदराचं घरटं, सगळं निघेल. पाणी नको, रॉकेल तर नकोच. बँड बदलायच्या स्विचवर गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. त्याचं तेल वेफरमध्ये (स्विचच्या चकत्यांत) मुरतं आणि धूळ धरून बसतं. काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाका आणि नॉब तीस-चाळीस वेळा फिरवा, बस्स.

व्हॉल्व्ह पुसताना छापील अक्षरांना हात लावू नका. काही अक्षरं नुसत्या बोटाने जातात आणि मग तो कोणता व्हॉल्व्ह हे ओळखत बसावं लागतं. काढण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटचा, हे फोटो काढून ठेवा.

आणखी एक. सैन्याच्या काही मीटरच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. असा मीटर उघडू नका, खरवडू नका. तेल भरलेले धातूचे डबाबंद कंडेन्सर गळत असतील तर हातमोजे घाला. त्या काळच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.

सेट कोकणातल्या घरातून आलाय, सगळीकडे ओल आहे.

मग घाई आणखीच नको. सेट मोठ्या खोक्यात ठेवा, बाजूला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सेटला न टेकेल असा पेटता ठेवा आणि चार-पाच दिवस वाळू द्या. खोकं पुठ्ठ्याचं असेल तर घरात कोणी असतानाच. वाळवल्यावरच मल्टिमीटर हातात घ्यायचा. शक्यतो हे काम पावसाळ्यात काढू नका.

आत हात घालणं कितपत धोक्याचं?

रिसीव्हरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात, ८०७च्या ट्रान्समीटरमध्ये सहाशे-साडेसातशे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते शिल्लक राहतात. १० किलोओहम, १० वॅटचा एक रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी आणि क्लिपा लावा, आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी त्याने कंडेन्सर रिकामा करा. नंतर मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे शूर असतात. त्यांच्या चॅसीवरचे काळे डाग बघितले आहेत मी. सेट चालू ठेवून मोजायचं असेल तर डावा हात खिशात, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं माणूस जागं.

काही अमेरिकी घरगुती सेटांत ट्रान्सफॉर्मरच नसतो. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ तसलाच: मेन्सची एक बाजू थेट सर्किटच्या निगेटिव्हला येते आणि चॅसीतही करंट असू शकतो. शिवाय तो ११५ व्होल्टचा. तो आयसोलेशन करणाऱ्या (म्हणजे मेन्सपासून सेट वेगळा ठेवणाऱ्या) स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही. ऑटोट्रान्सफॉर्मर चालणार नाही.

जुनी दोन वायरींची केबल काढून तीन पिनांची लावा, अर्थ चॅसीला, फ्यूज फेजमध्ये. (हे ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटसाठी. वरच्या एस-३८च्या चॅसीला अर्थ जोडू नका.) एआर८८च्या ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळ्या मेन्ससाठी टॅपिंग आहेत. कुठे जोडलंय ते बघा. आपला पुरवठा २३० म्हणतात, पण रात्री तो त्याच्याही वर जातो, म्हणून मी वरचं टॅपिंग धरतो.

कोणते कंडेन्सर बदलायचे? सगळे?

इथे दोन पंथ आहेत आणि दोघेही एकमेकांना नावं ठेवतात. एक सगळे बदलतो, दुसरा बिघडेल तोच. माझं मत मधलं.

मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर सरसकट बदला, त्यांत एकही भरवशाचा राहिलेला नसतो. तितक्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर लावा. सगळ्यात आधी तो, जो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला मागच्या टप्प्याच्या प्लेटशी जोडतो (ग्रिड आणि प्लेट हे व्हॉल्व्हच्या आतले भाग). एआर८८मध्ये आउटपुटला ६के६जीटी आहे. हा एक कंडेन्सर गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह लाल होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोबत नेतो. ग्रिडवर मीटर लावा: शून्य किंवा निगेटिव्ह दिसलं पाहिजे. दोन व्होल्टही पॉझिटिव्ह दिसले तर मेन्स बंद.

मेन्सच्या दोन वायरींमध्ये किंवा मेन्स आणि चॅसीमध्ये असलेले कंडेन्सर वेगळे धरा. तिथे एक्स आणि वाय वर्गाचेच सुरक्षा कंडेन्सर लागतात. साधा लावलात तर तो शॉर्ट झाल्यावर काय होईल याचा विचार करा.

इलेक्ट्रोलिटिक फिल्टर कंडेन्सर बहुतेक वेळा बदलावेच लागतात. मूळ सेटमध्ये १६ मायक्रोफॅरड असेल तर "मोठा म्हणजे चांगला" म्हणून २२० लावू नका. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला सुरू होतानाचा तो झटका झेपत नाही. चकचकीत निळे नवे कंडेन्सर जुन्या चॅसीवर डोळ्यांत खुपत असतील तर जुना डबा पोकळ करून नवा आत बसवता येतो. वरून कोणाला कळत नाही. याला वेळ लागतो, पण रविवार दुसऱ्या कशासाठी असतो?

अभ्रकाचे, म्हणजे मायका कंडेन्सर बहुतांशी ठणठणीत असतात, उगाच छेडू नका. कार्बनच्या रेझिस्टरचे ओहम मात्र वयाबरोबर वाढतात. एक टोक सोडवून मोजा. वीस टक्क्यांपेक्षा वर गेलेले बदला. रबराचं आवरण असलेल्या वायरी वाकवल्या की भुगा होतो, त्या आधी बघा, नाहीतर एक काम करताना चार नवी कामं तयार होतात.

एका बैठकीत एकच कंडेन्सर: काढा, लावा, डाख नीट बसला का ते बघा, वहीत लिहा. दहा एकदम काढलेले लोक नंतर मला फोटो पाठवतात.

मग पहिल्यांदा करंट कसा द्यायचा?

सिरीज बोर्डवरून. कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे असतो तसा, फेजमध्ये मालिकेत एक बल्ब. बल्ब जुना तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी इथे निरुपयोगी आहे. तारेचे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत. पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर मिळतात.

आधी सगळे व्हॉल्व्ह काढून नुसता ट्रान्सफॉर्मर. बल्ब जेमतेम लाल झाला किंवा विझलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मर धडधाकट. लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, थांबा. मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह लावा. आता फक्त हीटर (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) पेटतील, हाय टेन्शन (ते वर सांगितलेलं धोक्याचं डीसी) येणार नाही. शेवटी रेक्टिफायर, एआर८८मध्ये ५वाय३जीटी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला की जीवात जीव येतो. तसाच उजळ राहिला तर बंद.

पुस्तकी मंडळी डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवायला सांगतात. सिलिकॉन डायोड असलेल्या सेटला ते ठीक. पण व्हॉल्व्ह रेक्टिफायर कमी व्होल्टेजला तापतच नाही. तोवर हाय टेन्शन शून्य, आणि मग एकदम येतं. हळूहळू चढवल्याचं समाधान तेवढं आपल्याला.

व्हॉल्व्ह पेटलेले दिसत नाहीत. गेले का?

एआर८८च्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. त्याचे बरेचसे व्हॉल्व्ह, ६एसजी७ वगैरे, लोखंडी कवचाचे आहेत, पेटलेले दिसणारच नाहीत. पाच मिनिटांनी हात जवळ न्या, ऊब लागते का बघा. गार असेल तर हीटर मीटरने तपासा.

काचेच्या व्हॉल्व्हमध्ये आतून चंदेरी डाग असतो. तो तसाच चंदेरी असेल तर चांगलं. पांढरा दुधट झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. व्हीआर१५० हा स्टॅबिलायझर जांभळट चमकतो, तो तसाच चमकायला हवा, घाबरू नका. इतर व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या बाजूला निळी झाक असली तरी चालते. इलेक्ट्रोडच्या मधोमध जांभळा धूर दिसला तर मात्र आत वायू आहे.

व्हॉल्व्ह टेस्टर हल्ली मिळणं कठीण. त्याच जातीचा दुसरा व्हॉल्व्ह लावून बघणं हीच खरी तपासणी. आणि व्हॉल्व्ह वाटतात तेवढे मरत नाहीत. माझ्या चौदांपैकी दोनच गेले होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये पूर्वी व्हॉल्व्ह बनायचे, त्यांची पेटीबंद खोकी अजून कुणाच्या तरी फडताळात असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर चक्कर मारा.

आवाज येतो पण डायलवरची स्टेशनं जागेवर लागत नाहीत. आतले ट्रिमर (जुळणीचे छोटे स्क्रू) फिरवू का?

हात बांधून ठेवा. आयएफच्या डब्यांवरचे स्क्रू पन्नास वर्षांत स्वतःहून फिरत नाहीत, माणसं फिरवतात. आधी कंडेन्सर, रेझिस्टर, व्हॉल्व्ह, स्विच हे सगळं निपटा. दहापैकी आठ वेळा "अलाइनमेंट गेलंय" ही तक्रार तिथेच मिटते. तरीही गरज पडली तर सिग्नल जनरेटर उधार आणा आणि मॅन्युअल समोर ठेवा. ओळखीची जागा हवी असेल तर आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे.

हॅम लोकांचं बोलणं बदकासारखं ऐकू येतं.

सेट बरा आहे, तुमचा हात बसलेला नाही. हॅम आता सिंगल साइडबँडवर (एएमची एकच बाजू, वाहक लहर गाळून) बोलतात, आणि हे सेट मुळात साध्या एएमचे आणि मोर्सचे. बीएफओ (ती गाळलेली लहर आतून पुरवणारा ऑसिलेटर) चालू करा, एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) बंद करा, ऑडिओ पूर्ण वर आणि आरएफ गेन (एरियलकडच्या सिग्नलची वाढ) बराच खाली. आता बीएफओचा नॉब केसाएवढा फिरवा. एका जागी बदकाचा माणूस होतो. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतात, नंतर हात आपोआप जातो.

एरियलला वीसेक मीटर वायर गच्चीवर, विजेच्या तारांपासून लांब. पावसाळी गडगडाटात ती काढून ठेवा. तरीही नुसती खरखर येत असेल तर घरातला मेन स्विच पाडून सेट इन्व्हर्टरवर न घेता बॅटरीच्या एखाद्या छोट्या रेडिओने खरखर शोधत फिरा. माझ्याकडे चोर निघाला शेजाऱ्यांच्या देवघरातला एलईडी दिवा. त्यांना नवा दिवा मीच घेऊन दिला.

८०७चा ट्रान्समीटरही निघालाय. तो कसा सुरू करू?

परवाना नसेल तर सुरू करू नका, इतकंच. असेल तर आधी हे लक्षात घ्या: ८०७च्या डोक्यावरची टोपी म्हणजे प्लेट, तिथे पूर्ण हाय टेन्शन असतं, आणि बऱ्याच घरगुती सेटांत वर जाळीसुद्धा नसते. त्याहून फसवी गोष्ट मोर्स कीची. त्या काळी की सरळ कॅथोडमध्ये जोडायची पद्धत होती. की उघडी असताना तिच्या धातूवर चांगलंच व्होल्टेज येतं. मामांच्या कीला लाकडी मूठ का होती, हे मला ती हातात घेतल्यावर कळलं. मध्ये रिले घाला.

एरियलऐवजी ४० वॅटचा बल्ब लावून तपासा. क्रिस्टल ऑसिलेटर चालतोय का ते जवळच्या रिसीव्हरवर ऐका. सूर पक्ष्याच्या चिवचिवीसारखा सरकत असेल तर पॉवर सप्लाय कच्चा आहे. ८०७ची प्लेट लाल झाली की लगेच की सोडा. ट्यून करणं जमलेलं नाही.

वरचा रंग नवा द्यावा का?

मी देत नाही. बोटांनी झिजलेली जागा, पेनने लिहिलेले आकडे तसेच राहू देतो. गंज थांबवा, नॉब साबणाच्या पाण्याने धुवा. कोणी पावडर कोटिंग करून आणलं की मला बोलावू नका.

आम्हाला ठेवायचा नाही. काय करावं?

भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्याच्या आणि लोखंडाच्या वजनावर घेतो. जवळच्या हॅम क्लबला विचारा. कोणी ना कोणी स्वतः गाडी घेऊन येतो. खूप पैसे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. छेडून चालू केलेल्या सेटपेक्षा न छेडलेल्या सेटला जास्त मान मिळतो, म्हणून "थोडा चालू करून देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिकपासून सांभाळा. लॉगबुक आणि क्यूएसएल कार्डं (संपर्क झाल्याची पावती म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात ती) मात्र देण्याआधी एकदा घरच्यांनी बसून बघा. माझ्या मामीला मामा रात्री अडीच वाजता कोणाशी बोलायचे, ते वहीतून चाळीस वर्षांनी कळलं.

दुसऱ्या गावी न्यायचा आहे.

कुरिअरने नाही. काचेचे व्हॉल्व्ह काढून प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सॉकेटचा नंबर लिहा. सेट गाडीच्या मागच्या सीटवर, उभा नाही, पायांवर, खाली गादी घालून. उचलताना नॉब आणि पुढची पट्टी धरू नका, बाजूचं लोखंड धरा, आणि दोघंच असाल तर मध्ये एकदा खाली टेकवायला जागा आधी बघून ठेवा.